बिनडागाचा ओटा

आमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा सागाचा होता आणि तो बघायला लोक यायचे. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा दोनच घरांत होता. एक मास्तरांच्या, काळ्या कडाप्प्याचा. दुसरा आमच्या, मधाच्या रंगाचा, हात फिरवला तर तळवा घसरावा असा. बाबा सुतार होते. या ओट्याविषयी आमच्या घरात खोटं फार बोललं गेलं आणि त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ओटा हौसेनं झाला नाही, आईच्या दुखण्यानं झाला. धाकट्या भावाच्या वेळी तिचं बाळंतपण जड गेलं होतं आणि महिन्याभरात ती पुन्हा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायला लागली होती. तिचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, खाली यायला लागलं. आमच्याकडच्या बायका हे पदर तोंडाशी धरून, एकमेकींच्या कानात सांगतात. आईनं तेही केलं नाही. फडक्याची घडी करून बांधायची आणि कामाला लागायची. एका लावणीला ती बांधावर बसली ती उठेनाच, तेव्हा बाबांना कळलं. त्यांनी तिला शहापूरला नेलं. बोलायला लाजते म्हणून आईनं मलाही बरोबर घेतलं. मी सहावीत होते. डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, वाकायचं नाही. उभ्यानं स्वयंपाक करा, नाहीतर पिशवी काढावी लागेल. आणि काढल्यावरही असंच वागलात तर पुन्हा त्रास होईल, मग माझ्या हातात काही नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो.

पाणी मी भरायला लागले. चुलीच्या जागी रॉकेलचा स्टो आला. राहिला ओटा. शेजारचा गवंडी म्हणाला, विटांचे दोन पाय उभे करू, वर कडाप्पा टाकू, एका दिवसाचं काम आहे. बाबांना ते लागलं.

"सुताराच्या घरात दगडाचा ओटा?" ते म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक म्हणंल, ह्याला सवताच्या लाकडाचा भरवसा नाय."

त्यांच्याकडे सागाच्या दोन रुंद फळ्या होत्या. वैशाखरे गावाकडे एक जुनं घर उतरवलं तेव्हा मजुरीऐवजी मागून आणलेल्या. माझ्या लग्नात पलंग करायचा म्हणून माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या त्यांनी खाली घेतल्या. आईला भिंतीशी उभं केलं, भाकर थापल्यासारखे हात धरायला लावले आणि तिच्या कोपराच्या थोडं खाली भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. आई लाजून हसत होती. "किती टाइम उभी करताय," म्हणत होती. माझे बाबा वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. ती रेघ त्यांनी मायेनंच मारली होती. त्याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच माझा राग कुठे जाऊन टेकत नाही.

आठ दिवसांत ओटा उभा राहिला. लाखेच्या पॉलिशचे हातावर हात दिले. स्टोखाली फरशीचा तुकडा ठेवला. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि पहिला भात शिजवला. आमच्याकडे भात वेळतात. शिजला की टोपाचं तोंड फडक्यानं दाबून धरायचं, टोप आडवा करायचा आणि पेज निथळू द्यायची. आईनं पेज काढली आणि टोप ओट्यावर वाफेला ठेवला. उचलला तेव्हा खाली पांढरी गोल चकती उमटली होती.

बाबा जेवायला आले. चकतीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "असू दे." मग दोन घास खाऊन उठले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या नवऱ्याला आईनं उलटून बोलून घेतलं असतं. पण न जेवता उठलेल्या माणसाला ती काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिश काढून पुन्हा चढवलं. तिसऱ्या दिवशी डाळीच्या पातेल्याची चकती उमटली. आठवड्यानं तवा टेकला आणि डाग काळा पडला, आतपर्यंत. तेव्हा रंधा मारावा लागला. पातळ, कुरळी ढलपी निघत होती आणि आई मोरीपाशी उभी राहून बघत होती.

मग सुरू झाले उपाय. आईनं भाताच्या पेंढ्याच्या चुंबळी वळल्या. बाई हंडा डोक्यावर घेते तेव्हा खाली ठेवते तशा, पण चपट्या. गरम टोपाखाली पेंढ्यातली ओल सुटली आणि पॉलिशला चुंबळच चिकटली. ओढून काढली तर ओट्यावर पेंढ्याची नक्षी. कौलाचा तुकडा ठेवून बघितला. कौल तापायला वेळ लागतो, पण तापलं की निवतही नाही. बाबांनी स्वतः तीन पायांची लाकडी आडणी केली, नक्षीदार. देखणी होती पण हलकी. पहिल्याच दिवशी ती कलंडली आणि उकळती आमटी आईच्या मनगटावर सांडली. मग बाबांच्या डोक्यातून निघाला पत्रा. ओट्याच्या अर्ध्या भागावर पत्रा ठोकला, वर काय ठेवायचं ते ठेव म्हणाले. महिन्यानं पत्रा उचकटला तर खालचं सगळं लाकूड करपलेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बाबांनी तो पत्रा मागच्या दारी फेकून दिला. लाकडाविषयी सगळं कळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये की पत्रा तापतो, याचीच त्यांना जास्त लाज वाटली असावी.

शेवटी उपाय सापडला तो आईला. तो इतका सोपा होता की त्याला उपाय म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शिजलेलं भांडं ओट्यावर ठेवायचंच नाही. खाली ठेवायचं, जमिनीवर.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, घरातल्या कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. आम्ही जेवायचो जमिनीवर. भाताचा टोप, कालवणाचं पातेलं, भाकऱ्यांची टोपली, सगळं वाढणारीच्या पुढ्यात जमिनीवर असायचं. आजूबाजूच्या सगळ्या घरांत तसंच होतं. जेवण "उतरवायचं" ते खालीच. त्यामुळे आई ओट्यावर शिजवून टोप खाली ठेवते यात वेगळं काही दिसलंच नाही. ज्या वाकण्यापासून तिला वाचवायला ओटा केला, ते वाकणं आता ओट्याला वाचवायला सुरू झालं. आधी चूल जमिनीवर होती तेव्हा ती एकदा बसली की उठेपर्यंत बसलेली असायची. आता प्रत्येक भांड्यागणिक उभ्याची खाली आणि खालची उभी.

मला ते डोळ्यांपुढे दिसतं. दोन्ही हातांत फडक्यानं टोप धरलेला, पाय फाकवलेले, पाठ ताठ. अर्ध्यात ती थांबायची. तिथे तोंडातून बारीक "आई गं" निघायचं, मग टोप टेकायचा. तिथेच उकिडवी बसून ती पेज काढायची. नंतर गुडघ्यावर हात देऊन उठायची, कारण वर तवा तापत असायचा. भाकऱ्या झाल्या की तवा खाली. दूध खाली. चहाचं भांडंसुद्धा खाली.

शेजारची काकी एकदा म्हणाली, "नाकापरीस मोती जड झाला गो तुझा." आई हसली. मीही हसले, आणि मला काकीचा राग आला. तिच्या घरात धुरानं काळी झालेली चूल, हिला काय कळणार, असं माझ्या मनात आलं.

कारण तोवर मी ओट्याची राखणदार झाले होते. आमच्या वर्गाच्या बाई एकदा घरी आल्या होत्या, ओटा बघून म्हणाल्या, घर कसं ठेवावं ते यांच्याकडून शिका. दुसऱ्या दिवशी वर्गातही म्हणाल्या. त्यानंतर मी बाबांपेक्षा कडक झाले. एका सकाळी आईला ताप होता. तिनं चहाचं भांडं उतरवलं आणि ओट्यावर टेकवलं. मी दप्तर भरत होते, तिथूनच किंचाळले, "आई! खाली ठेव ना! बाबा बघतील आता!" तिनं दचकून भांडं उचललं. चहा तिच्या पावलावर सांडला. पाय झटकायच्या आधी तिनं पदरानं ओटा पुसला.

"चुकलं गो," ती मला म्हणाली.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. तिनं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. पुढे मी कितीदा ठरवलं की तिच्याजवळ हे बोलायचं, पण विषय काढला तर तिला ती सकाळ आठवतही नव्हती. माझं काही चुकलं असं तिला कधी वाटलंच नाही, तर ती क्षमा कशाची करणार?

मी दहावीत असताना ती पुन्हा शहापूरच्या दवाखान्यात होती. त्याच डॉक्टरीणबाई. तपासून बाहेर आल्या आणि विचारलं, "उभ्यानं स्वयंपाक करतात ना घरी?"

"हो तर," बाबा म्हणाले. "सागाचा ओटा करून दिलाय मी."

"असे नवरे कमी बघायला मिळतात," बाई म्हणाल्या. बाबांनी मान खाली घातली, कौतुक झालं की घालायचे तशी. आई आपल्या पायांकडे बघत होती. मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. दोघीही गप्प राहिलो.

पिशवी काढली. तीन महिने मी स्वयंपाक केला, आणि मीही भांडी खालीच ठेवली. माझी पाठ कोवळी होती, मला काही जाणवलं नाही. चौथ्या महिन्यात आई ओट्याशी परत उभी राहिली. मधे आमच्याकडे गॅस आला, कुकर आला. कुकर टोपापेक्षा जड आणि शिट्टी झाल्यावर धगीचा, तो तर ओट्यावर टेकवायचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांत पुन्हा तेच, वर कंबर धरली ती वेगळीच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, जपून राहा. जपायचं तरी किती गोष्टींना, असं मला विचारावंसं वाटलं.

तेव्हा मी शहापूरला कॉलेजात जात होते. एका संध्याकाळी बाबा ओटीवर रंध्याचं पातं घासत बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"बाबा, आई दिवसातनं किती वेळा वाकते ते तुमी बघितलंय कधी?"

"वाकंल कशाला?" ते म्हणाले. "ओटा हाय ना."

"उद्या बघा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अवस होती. अवसेला हत्याराला हात लावत नाहीत, त्यामुळे ते घरीच होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहिले. आईला वाटलं चहा पाहिजे. चहा झाला, भांडं खाली गेलं. दूध खाली गेलं. वालाचं बिरडं शिजलं, पातेलं खाली गेलं. मग भाताचा टोप. आई अर्ध्यात थांबली तेव्हा बाबांचे हात आपसूक पुढे झाले, पण ते उंबऱ्यातून उठले नाहीत. जेवण तयार झालं तेव्हा उठले आणि न जेवता बाहेर निघून गेले.

सूर्य कलायच्या सुमाराला टेम्पो दाराशी लागला. त्यात कडाप्प्याच्या दोन लाद्या होत्या. बाबा आत आले. आईकडे न बघता म्हणाले, "सकाळी गवंड्याला बोलावलंय. वरनं दगड टाकून घेऊ. मंग काय ठेवायचं ते ठेव."

मला वाटलं होतं आई रडेल, किंवा हसेल. ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"आता नाय," ती म्हणाली.

"अगो, तुझ्याच साठी..."

"इतकी वरसं मी त्याच्यावर डाग पडू दिला नाय. आता त्याच्यावर दगुड टाकणार? मंग मी काय केलं इतकी वरसं?"

बाबांनी जोर केला असता तर लाद्या बसल्या असत्या. त्यांनी जोर केला नाही. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की ते आतून सुटल्यासारखे झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, जास्त काय बोलू? लाद्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पुढे कपडे धुवायला त्यातली एक आडवी केली.

बाबा एवढंच म्हणाले, "निदान वर ठेवत तरी जा. डाग पडंल तर पडंल. मी रंधा मारीन." आईनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी भात झाला तेव्हा मी मुद्दाम बघत होते. तिनं टोप उचलला, ओट्याच्या वर क्षणभर धरला, आणि खाली ठेवला. तिचं तिलाच हसू आलं. "हात जात नाय गो वर," म्हणाली. मी पुढे होऊन टोप उचलून ओट्यावर ठेवायला हवा होता, एकदा तरी. डाग पाडून टाकायला हवा होता. पण माझाही हात गेला नाही.

माझं लग्न मुरबाडच्या बाजूला झालं. सासरी कडाप्प्याचा ओटा आहे, तेलकट, कडा फुटलेला, वाटेल तिथे वाटेल ते गरम भांडं आपटावं असा. पहिल्या दिवशी मी कुकर उतरवून फरशीवर ठेवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, खाली कुठं, पायात येल कुणाच्या." मला रडायला आलं. त्यांना वाटलं माहेरची आठवण झाली. तशी ती होतीच.

पुढच्या काही वर्षांत आई ओट्याशी उभी राहण्यापलीकडे गेली. खाटेवरून दारापर्यंत आणि दारापासून खाटेपर्यंत, एवढीच तिची वाट उरली. स्वयंपाक भावजय करायची. खाट अशा जागी होती की पडल्या पडल्या ओटा दिसायचा, आणि भावजय नवी असताना आई खाटेवरून सांगायची, "खाली ठेव गो बाय, खाली."

तेव्हा आमच्याकडे शहरातल्या लोकांचे बंगले व्हायला लागले होते. शनिवारी यायचं, रविवारी जायचं. असंच एक जोडपं बाबांचं काम बघायला घरी आलं, त्यांना दारं-खिडक्या करून हव्या होत्या. मी माहेरी होते. त्यातल्या बाई आत आल्या, ओटा बघितला आणि थांबल्याच. वाकून उजेडात बघितलं, तळवा फिरवला.

"काका, हा रोजच्या वापरातला आहे? मग एकही डाग कसा नाही? आम्हाला अगदी असाच हवाय. पण सगळे म्हणतात लाकूड उष्णतेनं खराब होतं. तुम्ही याला लावता काय?"

उत्तर आलं खाटेवरून. कितीतरी दिवसांनी आईचा आवाज इतका खणखणीत आला होता.

"लावायचं काय नाय बाय. गरम भांडं वर ठेवायचंच नाय. खाली ठेवायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पन रोज."

बाई हसल्या. "रोज कुठलं वाकायला जमतंय मला, माझी पाठ अशी. पण आमच्याकडे बाई असणारच आहे स्वयंपाकाला. तिला सांगून ठेवीन." मग आईला म्हणाल्या, "मावशी, खरंच किती जपलंत तुम्ही." आईचा चेहरा उजळला. मी तो चेहरा बघितला आणि जे बोलायचं होतं ते गिळलं. तेवढं एक कौतुक तिच्या वाट्याला आलं होतं, ते मी कोणत्या तोंडानं हिसकावून घेणार? बाबांनी टेप काढून लांबी-रुंदी लिहून घेतली. उंची किती ठेवू, विचारलं तर बाई म्हणाल्या, अशीच ठेवा.

त्या बंगल्यावर स्वयंपाकाला लागली ती आमच्या गावच्या पाड्यावरची एक पोर. पोर म्हणजे दुसरं मूल अंगावर पीत होतं तिचं, पण वय विशीच्या आतबाहेर. वर्षभरानं ती मला जीपच्या नाक्यावर भेटली. आईची चौकशी केली. मग आपणहून सांगायला लागली. बाईसाहेबांनी तिला मुद्दाम आमच्या घरी पाठवलं होतं, कसं जपायचं ते बघून ये म्हणून. आईनं खाटेवरून सगळं दाखवलं होतं. टोप कसा धरायचा, पाय कसे ठेवायचे, अर्ध्यात दम कसा घ्यायचा.

"तुमच्या आईनं शिकवलं तसंच करतंय ताई," ती म्हणाली. "येक डाग पडू दिला नाय अजून."

ती बोलताना एक हात कंबरेवर होता. कधीपासून दुखतंय, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. तिच्या तोंडावर तोच उजेड होता जो मी आईच्या तोंडावर बघितला होता.

"बरं केलंस," मी म्हटलं.